भैरवी झाली असं समजून

मिरज,
३ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. डॉक्टरांनी मला सहा आठवडे बोलायला बंदी केली आहे. कुजबुजायचंही नाही, त्याने म्हणे घसा जास्त शिणतो. व्हॉट्सॲप आहे, पण तिथे तू फक्त अंगठा पाठवतोस, आणि अंगठ्यावरून मला काही ठरवता येत नाही. म्हणून टपाल.

शिकवण्या निम्म्या चालू आहेत. मुली येतात, पेटी उघडतात, गातात. मी पाटीवर चुका लिहून दाखवते. लिहायला वेळ लागतो, त्यामुळे चुका कमी निघतात. मुली खूश आहेत. दोघींच्या आयांनी तर हीच पद्धत पुढे चालू ठेवा असं सुचवलं.

स्वरतंतूवर लहानशी गाठ आहे. साधीच आहे, त्याची काळजी करू नकोस. काढली तर बसलेला आवाज मोकळा होईल, पण पूर्वीसारखा वर जाईल याची हमी डॉक्टर देत नाहीत. नाही काढली तर आहे तो आवाज हळूहळू घोगरा होत जाईल. महिनाअखेरपर्यंत विचार करून सांगा म्हणाले. मी विचार करते आहे. म्हणजे रोज सकाळी एक ठरवते आणि संध्याकाळी दुसरं.

आता काम सांगते. ऑल्डन ग्रीव्ह आठवतो का? पंचाहत्तर साली तू कॅम्पातल्या दुकानातून आईसाठी अभंगांची रेकॉर्ड आणलीस आणि पाकिटात भलतीच निघाली, तो. दुकानदाराने पाकीट फोडलेला माल परत घेत नाही म्हणून तुला हाकललं. तू रुसलास, मी ती रेकॉर्ड झिजवली. पाकिटावर संतांचं चित्र होतं, त्यामुळे आई वर्षभर तो इंग्रजी अभंगच समजत होती.

तो बावीस तारखेला पुण्यात येतो आहे. वय शहात्तर. चार वर्षांपूर्वी त्याच्याही स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचा हा पहिला दौरा. तुझ्या नातीने, तनयाने, माझं तिकीट काढून ठेवलं होतं. डॉक्टरांनी धूळ आणि गर्दी दोन्हीला नाही म्हटलं. माझ्या जागी तू जा.

मला एकच गोष्ट कळायला हवी. त्याचं दीपगृहाचं गाणं आहे. शेवटच्या कडव्यात तो वर जाऊन एका सुरावर थांबतो. तिथे तो आता जातो का, आणि गेला तर तिथे काय उरलं आहे. मोबाईलवरच्या चित्रफिती मला नकोत, त्यात सगळ्यांचेच आवाज पत्र्याच्या डब्यातून येतात. मला कान हवा आहे, आणि तोही तुझा. एकतीस वर्षं तू वर्तमानपत्रात गाण्याची परीक्षणं लिहिलीस आणि एकदाही कुणाला पूर्ण बरं म्हटलं नाहीस. माझ्या एकुलत्या एका जाहीर कार्यक्रमावर तू एक ओळ लिहिलीस, त्यावर मी चार महिने तुझ्याशी बोलले नव्हते. ओळ खरी होती. म्हणून तुलाच सांगते आहे.

तुझा लोभ आहे हे माहीत आहे, त्याचं प्रदर्शन करत नाहीस हेही.

तुझी,
वासंती


सहकारनगर, पुणे
९ नोव्हेंबर २०२५

चि. वासंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रात मुलींची पेटी आधी आली आणि गाठ नंतर. लहानपणी प्रगतिपुस्तकही तू असंच दाखवायचीस, चित्रकलेपासून.

कानाबद्दल एक खुलासा. डावा शाबूत आहे. उजवा गेल्या वर्षापासून त्याला आवडेल तेवढंच ऐकतो. शिवाय मला त्या संगीतातलं काही कळत नाही. अर्थात न कळणाऱ्या गोष्टींवर मी पूर्वीही लिहिलं आहे आणि त्याबद्दल माझा एकदा नारळ देऊन सत्कारही झाला आहे.

तनयाने तिकीट दाखवलं. त्यावर खुर्चीचा क्रमांक नाही. म्हणजे भारतीय बैठक असणार. हे मला बरं वाटलं. डिसेंबरातल्या संगीत महोत्सवात मी पन्नास वर्षं बैठकीतच बसत आलो. खुर्चीवरचा श्रोता दाद देत नाही, पाय दुखत नाहीत म्हणून बसून राहतो. तनया काहीतरी सांगू पाहत होती, पण मी तिला म्हटलं की मैफलीला कसं जायचं हे मला या वयात शिकवू नकोस.

दीपगृहाच्या त्या सुराचं मी बघतो. जसा लागेल तसा लिहीन. लागला नाही तर तसं लिहीन. तुला गोड वाटावं म्हणून काही लिहिणार नाही, एवढा शब्द देतो. निर्णय मात्र तुझा तूच घे. परदेशी माणसाच्या गळ्यावर मिरजेतलं ऑपरेशन ठरवणं मला पटत नाही. पण तुला माझं पटावं अशी अपेक्षा मी एकोणीसशे सत्तरच्या सुमारास सोडली.

मौन नीट पाळ. आपल्या घराण्यात ते कोणाला जमलेलं नाही.

तुझा,
दादा


सहकारनगर, पुणे
२४ नोव्हेंबर २०२५

चि. वासंतीस,
अ. उ. आ.

गेलो आणि परत आलो. क्रमाने लिहितो.

मैदान खराडीच्या पलीकडे. दारं तीनला उघडतात असं तिकिटावर होतं, म्हणून मी अडीचला हजर झालो. तनया आणि तिच्या मैत्रिणी सहाला उगवल्या. कार्यक्रम साडेसहाचा. इतक्या लवकर का, तर ग्रीव्हला वयामुळे लवकर झोपावं लागतं असं तनया म्हणाली. तेवढ्यावर मला त्याच्याबद्दल प्रथम आपुलकी वाटली.

माझ्याबरोबर सतरंजी, शाल, थर्मास, सूनबाईंनी दिलेला दडप्या पोह्यांचा डबा आणि एक लहान उशी होती. दारावरच्या रक्षकाने एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. मागच्या रांगेतल्यांनी फोटो काढले. थर्मास आणि डबा जमा झाला. उशीचा प्रश्न त्याच्या अधिकारात नव्हता, त्याने वॉकीटॉकीवरून वरिष्ठांना विचारलं. उशी मंजूर झाली.

आत गेल्यावर कळलं की बैठक नाही. खुर्च्याही नाहीत. सगळ्यांनी तीन-चार तास उभं राहायचं आणि वर त्याचं तिकीट काढायचं. मी मागच्या बाजूला ध्वनियंत्रणेच्या मनोऱ्याशेजारी सतरंजी अंथरली. त्या एवढ्या मैदानात बसलेला मी एकटा होतो. थोड्या वेळाने एका मुलीने येऊन काका, जरा बॅग ठेवू का असं विचारलं. मग तिच्या मैत्रिणीने ठेवली. मग कोणी विचारेनासं झालं. सातच्या सुमारास माझ्याभोवती तेवीस बॅगा, चार हेल्मेटं आणि एक फुलांचा गुच्छ होता. पन्नास वर्षं संगीताच्या कार्यक्रमांना गेलो, पण तिथे लोकांना माझा उपयोग झाला तो परवा.

योगेश नावाचे एक तिशीतले गृहस्थ माझ्या शेजारी येऊन टेकले. मूळचे वाशीमचे, चाकणला कारखान्यात आहेत. नवे बूट चावत होते. शाळेत असल्यापासून ग्रीव्ह ऐकतो म्हणाले, वडिलांना वाटायचं पोरगं इंग्रजी शिकतंय. त्यांनी मला प्रत्येक गाण्याआधी थोडी माहिती दिली. मी मान हलवत होतो, पूर्वी तरुण गायकांसमोर हलवायचो तशी.

मंचामागे चार मजली पडदा होता. त्यावर ग्रीव्हचा चेहरा दोन मजले, सुरकुत्या गल्लीएवढ्या. प्रत्यक्षात माणूस मला अंगठ्याएवढा दिसत होता. ड्रमचा पहिला ठोका माझ्या बरगड्यांत वाजला. हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला, गोळ्या आहेत ना बघायला. तिसऱ्या गाण्यात मंचावरून ज्वाळा निघाल्या. मी उठून सतरंजी गुंडाळू लागलो. योगेशरावांनी हात धरून बसवलं आणि हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं सांगितलं. आकाशात निळे दिवे फिरले, जमिनीवरून धूर आला, माणसं एकमेकांच्या खांद्यांवर चढली. आपल्याकडे फार तर तंबोऱ्यामागचा फलक बदलतात.

आवाज खरखरीत आहे, पण सुरात. अर्ध्या तासाने माझा पाय ठेका धरू लागला. मी त्याला थांबवलं. तो पुन्हा हलला. मग मी त्यावर एक बॅग ठेवली.

आता तुझा प्रश्न. दीपगृहाचं गाणं त्याने शेवटी घेतलं. गिटारीची सुरुवात संथ, स्वर सुटे सुटे. दुसऱ्या कडव्यात आवाजाला गोलाई आली. शेवटच्या कडव्यात तो वर गेला, थांबला, आणि तो सूर निर्दोष लागला. मैदान स्तब्ध झालं होतं.

याहून अधिक लिहिण्यासारखं नाही. औषधं वेळेवर घे.

तुझा,
दादा


मिरज,
२८ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उशीच्या मंजुरीपर्यंत आले आणि हसू आलं. हसायलाही बंदी आहे. तोंडावर पदर दाबून नुसती हलत बसले. शिकायला आलेली मुलगी घाबरून पाणी घेऊन आली.

शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. निर्दोष हा शब्द तुझ्या अक्षरात मी पूर्वी पाहिलेला नाही. मग पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं, डॉक्टरांकडे गेले आणि त्यांच्यासमोर पाटीवर लिहिलं, करून टाका. अकरा डिसेंबर ठरला आहे. त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं की वरचा आवाज परत येईल असं धरून चालू नका. मी मान डोलावली. पण दादा, मनातून मी धरून चालले आहे. तो शहात्तराव्या वर्षी तिथे पोचतो, मी तर सहासष्टची आहे. तो सिगारेटी ओढायचा. मी फार तर लोणचं खाल्लं.

गेले दोन महिने रोज पहाटे जाग येते आणि मी मनातल्या मनात वरचा षड्ज लावून पाहते. मनातही तो चिरका लागत होता. तुझं पत्र आल्यापासून मनात तरी नीट लागतो आहे.

सोबतची चिठ्ठी तनयाला दे. तिलाही हाताने पत्र लिहायला सांगितलं आहे. तिच्या कानाला ते गाणं कसं वाटलं ते वाचायचं आहे. तुझ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. चांगली गोष्ट दोनदा ऐकावी एवढंच.

लोभ वाढला आहे, इकडून तरी.

तुझी,
वासंती


पुणे,
१ डिसेंबर २०२५

ती. वासंतीआजीस,
सा. न. वि. वि.

(मी प्रिय लिहिलं होतं. आजोबा म्हणाले चालत नाही. सा. न. वि. वि. म्हणजे काय ते मी गूगल केलं.)

सॉरी, अक्षर वाईट आहे. घरात चालणारं पेन शोधायला दहा मिनिटं लागली.

आजी, शो वेडा होता. आम्ही पार पुढे, रेलिंगपाशी होतो. माझी मैत्रीण राजनंदिनी एवढी ओरडली की दुसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला. ती म्हणाली, तुझ्या आजीला सांग, आता आम्ही सेम आहोत. हा जोक वाईट आहे, पण तिने सांगायला सांगितला.

तुम्ही दीपगृहाबद्दल विचारलंय. तर काय होतं, की आधी सगळा बँड वाकून नमस्कार करतो, आत जातो आणि लाइट्स बंद होतात. मग आपण ओरडत राहायचं. पाच मिनिटांनी ते परत येतात. हे ठरलेलंच असतं, सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवेळी वाटतं की नाही आले तर? यावेळी तो एकटाच आला. स्टूलवर बसला आणि दीपगृह सुरू केलं. शेवटच्या कडव्यात तो वर गेला आणि त्याचा आवाज फुटला. म्हणजे अक्षरशः क्रॅक झाला. तो थांबला, बाजूला तोंड करून खोकला आणि हसला. मग त्याने तीच ओळ परत घेतली, एकदम खाली, जवळजवळ बोलल्यासारखी, आणि गाणं संपवलं. मी रडले. का ते नीट सांगता येत नाही. राजनंदिनीपण रडली, पण ती कशानेही रडते.

आजोबांनी सगळं डिटेलमध्ये लिहिलंच असेल. दोन दिवस टेबलाशी बसून होते. माझ्या लॅपटॉपवर दीपगृहाचं जुनं रेकॉर्डिंग लावून घेतलं आणि सात वेळा ऐकलं. शो संपल्यावर ते आम्हाला बसस्टॉपवर भेटले. गर्दी टाळायला जरा आधी निघालो म्हणाले. सतरंजी काखेत, लाइनमध्ये पहिला नंबर, फार खूश होते. बसमध्ये मी त्यांना शेवटचं गाणं सांगायला लागले, तर म्हणाले तपशील नको, दुसऱ्याचं मत ऐकलं की समीक्षकाचं बिघडतं.

तुमच्या ऑपरेशनला मी मनातून तिथे असेन. परीक्षा आहे, नाहीतर खरीच आले असते.

तुमची,
तनया


सहकारनगर, पुणे
३ डिसेंबर २०२५

चि. वासंतीस,
अ. उ. आ.

मी दीपगृहाचं गाणं ऐकलेलं नाही.

आठ वाजण्याच्या सुमारास ग्रीव्हने एक संथ गाणं म्हटलं. निरोपाचं वाटावं असं. ते संपल्यावर साथीदारांसकट पुढे येऊन वाकून नमस्कार केला आणि आत गेला. दिवे गेले. मी उठलो आणि सतरंजी झटकली. योगेशराव म्हणाले की काका थांबा, अजून आहे. यावर मी त्यांना जे उत्तर दिलं ते तुला जसंच्या तसं कळवणं भाग आहे. मी म्हणालो, अहो, गाण्यातलं थोडंफार मलाही कळतं, भैरवी झाली.

वाशीमकडची माणसं वडीलधाऱ्यांचा मान ठेवतात. त्यांनी तेवीस बॅगांचा ताबा घेतला.

मी ताठ मानेने बाहेर पडलो. कोपऱ्यावर वळलो तेव्हा मागून प्रचंड आरोळी ऐकू आली. मी मनात म्हटलं, झाली पार्किंगची मारामारी सुरू. बसस्टॉपवर पहिला नंबर लागला याचं मला जे समाधान वाटलं, ते फार दिवसांत कशाचं वाटलं नव्हतं. पुढे अर्धा तास स्टॉपवर दुसरं कोणीच येईना. तरीही मला शंका आली नाही. शहाणपण एकदा अंगात भिनलं की असं होतं.

दीपगृहाचं गाणं नंतर झालं एवढंच तनयाकडून बसमध्ये कळलं. पुढचं मी तिला बोलू दिलं नाही, कारण तिने तपशील सांगितले असते तर मी तिथे नव्हतो हे मलाच मान्य करावं लागलं असतं. घरी येऊन एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालचं ध्वनिमुद्रण ऐकलं आणि त्याचं परीक्षण तुला दोन हजार पंचवीसचं म्हणून पाठवलं. निर्दोष हा शब्द त्या सत्तावीस वर्षांच्या मुलाला लागू होता. नाही, पंचविशीतल्या. पाहा, अजूनही मी हिशेब न तपासता लिहितो आहे.

हे प्रथमच झालं असंही नाही. एक्क्याण्णव साली एका सतारवादकाच्या मैफलीचा शेवटचा तास मी घरी बसून लिहिला होता. भाजणीची थालीपिठं होती. त्या गृहस्थांनी नंतर आभाराचं कार्ड पाठवलं, शेवटच्या तासाचं मर्म फक्त तुम्हालाच कळलं असं लिहून. मला कधीच पकडलं गेलं नाही, म्हणून मी स्वतःला प्रामाणिक समजत आलो.

पण त्या वेळी फक्त एका सतारवादकाची संध्याकाळ पणाला होती. तुझं पत्र वाचून दोन रात्री झोप लागली नाही. मी लिहिलेल्या एका शब्दावर तू घसा कापायला दिला आहेस. तनयाचं पत्र परवाच टपालात पडलं, तेव्हा खरं काय ते तुला कळणारच. ते पडलं नसतं तर मी हे लिहिलं असतं का, असं मी स्वतःला विचारलं.

त्याचा सूर लागला नाही. काल मी तनयासमोर बसून तिचं सगळं ऐकून घेतलं, पहिल्या वाक्यापासून. वर आवाज फुटला. तो खाली उतरला आणि तिथून गाणं पुरं केलं. तेव्हा तुझा निर्णय पुन्हा कर. तारीख बदलायची असेल तर बदल. डॉक्टरांशी बोलायला मी मिरजेला येतो. मी बोललेलं त्यांनी ऐकू नये, एवढंच त्यांना पाटीवर लिहून दे.

लोभ राहावा असं काही मी केलेलं नाही. तरी राहिला तर बघ.

तुझा,
दादा


मिरज,
७ डिसेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तनयाचं पत्र गुरुवारी आलं, तुझं शनिवारी. मधल्या दोन दिवसांत मी तुला जे जे बोलले ते सगळं मनात बोलले, डॉक्टरांचा नियम मोडलेला नाही. कागदावर त्यातलं काही आणत नाही. पोस्टमन ओळखीचा आहे.

तू निर्दोष लिहिलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. तो तुझा शब्द नाही. पण मला तो हवा होता, म्हणून मीही तपासला नाही. तेव्हा सगळा दोष एकट्याने घेऊन मोठा होऊ नकोस. तुला ती सवय आहे.

तारीख बदललेली नाही. तुझ्या पत्रावरून हो म्हटलं होतं, ते तर गेलंच. आता माघार घेतली तर पुन्हा तुझ्याच पत्राला किंमत दिल्यासारखं होईल. शुक्रवारी रात्री पेटी समोर ठेवून बसले, काही वाजवलं नाही. तो फुटल्यावर हसला असं तनयाने लिहिलं आहे. मला हसता येईल असं वाटत नाही. मला भीती वाटते, दादा. तोंडाने मी हे कधी म्हटलं नसतं. बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. पण घोगरं होत होत बंद होण्याची भीती त्याहून जास्त आहे.

ऑपरेशनला येऊ नकोस. हॉस्पिटलात तू नर्सच्या उच्चारांवर अभिप्राय देशील. जानेवारीत ये. गायला परवानगी मिळाली की मी तुझ्यासमोर गाईन. तेव्हा तोंडाने एक अक्षर बोलायचं नाही, तुझा चेहरा खोटं बोलतो. पुण्याला परत जा आणि लिहून पाठव. काय आहे आणि काय गेलं, दोन्ही.

पुढचा लोभ त्या पत्रावर.

तुझी,
वासंती


सहकारनगर, पुणे
२० जानेवारी २०२६

चि. वासंतीस,
अ. उ. आ.

ठरल्याप्रमाणे लिहितो.

तू पूर्वी काळी चारमध्ये गायचीस. रविवारी खाली उतरून पांढरी तीन धरलीस. तंबोरा उतरवताना तुझा हात चाचपडत होता. ती पट्टी अजून तुझ्या ओळखीची झालेली नाही.

वरचा षड्ज गेला आहे. सरावाने येईल असं मी लिहिणार नाही. पंचमाच्या पुढे आवाज फाटतो, दोन ठिकाणी नुसती हवा आली. तिथे जाण्याचा प्रयत्न तू तीनदा केलास, तो तिन्ही वेळा चुकला, आणि तिसऱ्या वेळी तू ओठ आवळलेस. त्याने सूर लागत नाही. मुलींना तू हेच सांगतेस.

तान दम टिकत नाही म्हणून तुटते. बडा ख्याल तुला यापुढे जमेल असं मला वाटत नाही. हे वाक्य लिहून मी चहा घेऊन आलो. परत वाचलं. तसंच ठेवतो.

खाली मात्र काहीतरी आहे. मंद्र पंचमाला तू एरवी हात लावून निघून जायचीस, दारातून चौकशी करावी तशी. रविवारी तू तिथे थांबलीस. आवाज जाड आहे, त्याला एक कड आहे, ती ऐकायला सोपी नाही. पण तो सूर होता आणि त्यात घाई नव्हती. तुझ्या गाण्यात मी तो प्रथमच ऐकला. त्यावर उभं राहील असं गाणं तुला शोधावं लागेल. तुझ्या वहीतल्या चिजांपैकी निम्म्या आता तुझ्या नाहीत. उरलेल्या निम्म्या चालतील असं माझं मत आहे. माझ्या मताची किंमत तुला माहीत आहे.

परीक्षण इथे संपलं. पुढचं त्यात धरू नकोस.

तू तंबोरा गवसणीत घातलास आणि स्वयंपाकघरात गेलीस. भांडी वाजली, नळ बराच वेळ वाहत होता. मी उठणार होतो. परतीची एस.टी. साडेपाचची होती, स्टँडवर आधी पोचलं की खिडकी मिळते. पायात चपला घालायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. पण मी चटईवर बसून राहिलो. आता काय होणार आहे, याची मला कल्पना नव्हती. काही होणार आहे असंही नव्हतं.

वीसेक मिनिटांनी तू हात पुसत दारात आलीस. मी अजून तिथेच आहे हे पाहून तू क्षणभर थांबलीस. मग आत येऊन गवसणी पुन्हा सोडलीस.

एस.टी. चुकली. पुढच्या गाडीत उभं राहून आलो.

तुझा,
दादा